अंगणातील रोप आणि दूरचे गिऱ्हाईक

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



घरी वाढविलेल्या रोपांचा लहानसा ऑनलाइन व्यापार कसा सुरू करावा, या विषयावर मी चार शब्द बोलावेत अशी संस्थेच्या चालकांची आज्ञा झाली. विषय ऐकताच काही वडीलधाऱ्या मंडळींच्या चेहऱ्यावर स्मित उमटले असेल. फोनवरून रोपे विकणे ही कल्पनाच त्यांस विलक्षण वाटणे स्वाभाविक आहे. परंतु थोडा विचार केला असता असे दिसून येईल की, या व्यवसायात फोनचा भाग नवा असला, तरी रोपांचा भाग आपल्याला मुळीच नवा नाही. आपल्या माळी समाजाचे नावच मुळी मळ्याशी व फुलांच्या माळेशी जोडलेले आहे. तेराव्या शतकात अरणच्या सावतोबांनी आपल्या मळ्यातील भाजीपाल्यातच विठ्ठल पाहिला. महात्मा ज्योतीराव फुले यांच्या घराण्यास ‘फुले’ हे उपनाव फुलांच्या व्यवसायामुळेच मिळाले. १९३० च्या दशकात सासवडकडील माळी शेतकऱ्यांनी आपले भांडवल एकत्र करून सोलापूर जिल्ह्यात माळीनगर येथे साखर कारखाना उभा केला. तेव्हा बागेचे ज्ञान आणि व्यवसायाचे धाडस या दोन्ही गोष्टी आपल्या वारशात आहेत, असे म्हणावयास हरकत नाही.

मात्र एक गोष्ट आज मोकळ्या मनाने बोलली पाहिजे. शहरे वाढली, आणि शहरांच्या कडेने जे मळे होते त्यांवर इमारती उभ्या राहिल्या. ज्यांच्या वाडवडिलांनी विहिरीवर मोट चालविली त्यांची मुले आज दोन खोल्यांच्या घरात राहतात. जमीन गेली, परंतु हात गेलेला नाही. आमच्या अनेक घरांतून अशी आजी किंवा काकू आजही आहे, की जिने मोडकी फांदी मातीत खोचली तर तिला पालवी फुटते. हे ज्ञान पुस्तकात नाही, ते तिच्या बोटांत आहे. आणि ते कोणी विचारले नाही तर तिच्याबरोबरच नाहीसे होणार आहे. मला आज जो व्यवसाय सुचवावयाचा आहे तो प्रथमतः या ज्ञानाला किंमत आणून देणारा आहे. त्यातून चार पैसे मिळतील हे खरेच. परंतु तो टिकेल किंवा बुडेल हे फोनवर अवलंबून नसून आपल्या सचोटीवर अवलंबून आहे, हे आज मला विशेषेकरून सांगावयाचे आहे.

असे मी का म्हणतो, ते पाहा. रस्त्याच्या कडेला रोप घेणारा मनुष्य पान उलटून पाहतो, कुंडी उचलून पाहतो, बुंधा हलवून पाहतो. दूर अकोल्याला किंवा बेळगावला बसलेले गिऱ्हाईक यांपैकी काहीच करू शकत नाही. ते एक छायाचित्र पाहते, चार ओळी वाचते आणि पैसे आधी पाठविते. म्हणजे त्याने रोप विकत घेण्यापूर्वी आपला शब्द विकत घेतलेला असतो. शब्द खरा ठरला तर ते पुन्हा येते आणि आणखी चौघांना घेऊन येते. खोटा ठरला तर ते चाळीस जणांना सांगते, आणि त्यास फार वेळही लागत नाही.

दूरदेशी रोपे धाडण्याची विद्या तशी जुनी आहे. लंडनमधील डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड यांना बंद बाटलीतील ओलसर मातीत नेचे आपोआप उगवून जगल्याचे आढळले. त्यावरून त्यांनी काचेच्या बंद पेट्या तयार केल्या, आणि १८३३ मध्ये अशा पेट्यांतून रोपे जहाजाने सिडनीस पाठविली. कित्येक महिन्यांच्या प्रवासानंतर ती जिवंत पोहोचली. पुढे रॉबर्ट फॉर्च्यून याने चीनमधून चहाची रोपे हिंदुस्थानात आणली ती अशाच पेट्यांतून. रोपाला प्रवासात ओल टिकविणारी जागा लागते, खाऱ्या वाऱ्यापासून व धक्क्यांपासून संरक्षण लागते, हे वॉर्डसाहेबांनी ओळखले होते. आज आपल्याला सहा महिन्यांचा नव्हे, तर तीन ते पाच दिवसांचाच प्रवास घडवावयाचा आहे. तेव्हा ही गोष्ट अशक्य नाही; फक्त ती विचारपूर्वक केली पाहिजे.

आता कोणती रोपे निवडावीत? आंध्र प्रदेशातील कडियम येथे किंवा पुण्याजवळ उरुळी कांचन येथे एकरच्या एकर रोपवाटिका पसरलेल्या आहेत. त्यांच्याशी भावात स्पर्धा करण्याचा विचारही गच्चीवरच्या माणसाने मनात आणू नये. आपण पाच-सहाच जाती निवडाव्यात आणि त्यांत निष्णात व्हावे. निवडीच्या कसोट्या तीन आहेत. जात घरच्या घरी सहज वाढविता यावी. खोक्याच्या अंधारात चार-पाच दिवस ती तग धरावी. आणि वजनाला हलकी असावी. या कसोट्यांस कंद उत्तम उतरतात. निशिगंध, पावसाळी लिली, आंबेहळद यांचे कंद विश्रांतीच्या काळात माती झाडून कागदात गुंडाळले तरी त्यांस प्रवासाचा त्रास वाटत नाही. केरळमध्ये अनेक गृहिणी घरच्या टबांत कमळे लावून त्यांचे कंद टपालाने देशभर पाठवितात, हे उदाहरण आपणांसमोर आहे. त्यानंतर जाड पानांच्या, पाणी साठविणाऱ्या वनस्पती येतात. जेड, अडेनियम, कोरफड यांची मुळे मोकळी करून पाठविली तरी त्या जगतात. सर्वांत नाजूक म्हणजे मऊ पानांची रोपे. पहिल्या वर्षी त्यांच्या वाटेस न जाणेच श्रेयस्कर.

वाढविण्याच्या पद्धती आपल्या घरांतून ठाऊक आहेतच, परंतु नव्या पिढीकरिता थोडक्यात सांगतो. जास्वंदीची छाट कलमे पावसाळ्यात उत्तम होतात. पेन्सिलीएवढ्या जाडीची, फार कोवळी नाही व फार जून नाही अशी काडी घ्यावी, लांबी सुमारे १५ सेंटीमीटर असावी, तीन-चार डोळे असावेत, खालचा काप डोळ्याच्या लगत खाली तिरपा घ्यावा आणि वरची दोन पाने अर्धी कापून बाकीची काढून टाकावीत. मोगऱ्याची फांदी जमिनीलगत वाकवून दाब कलम करावे. उंच झाडाला गुटी बांधावी. गुलाबाचा डोळा भरावा. मनी प्लांटच्या वेलीचा तुकडा घेताना त्यावर पेर असलेच पाहिजे. पेराविना नुसते पान पाण्यात ठेवले तर त्याला मुळे फुटली तरी वेल कधीच येत नाही. 

येथे एक बारकावा सांगितल्याविना पुढे जाववत नाही. सॅन्सेव्हिएरिया, ज्याला बाजारात स्नेक प्लांट म्हणतात, त्याची पिवळ्या काठाची एक जात फार लोकप्रिय आहे. तिच्या पानाचे तुकडे करून मातीत लावले तर प्रत्येक तुकड्यापासून नवे रोप होते, हे पाहून मनुष्य हर्षभरित होतो. परंतु ते नवे रोप साधे हिरवे निघते, पिवळा काठ त्याच्यात उतरत नाही. तो काठ हवा असेल तर मूळच्या गड्ड्याचेच विभाजन करावे लागते, आणि त्यास वेळ लागतो. आता आईचे छायाचित्र दाखवून लेकीची विक्री करणारे विक्रेते काही कमी नाहीत. गिऱ्हाईक घरी वर्षभर पिवळ्या काठाची वाट पाहत बसते. ही फसवणूक कोणी जाणून करो वा न जाणून करो, परिणाम एकच.

यावरून नावाचा प्रश्न निघतो, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्या लोकभाषेतील नावे गोड आहेत, परंतु एका नावाखाली दोन वनस्पती नांदतात. ब्राह्मी म्हणून कोणी बाकोपा देतो, तर कोणी मंडूकपर्णी देतो. पानांच्या आकारावरून कोणीही भेद ओळखील, परंतु गिऱ्हाइकाने पान पाहिलेलेच नसते. कुंडीतील पानओवा निराळा आणि स्वयंपाकघरातील ओव्याचे दाणे देणारे झाड निराळे. आपल्याकडे ज्या झाडाचे पांढरे फूल रात्री उमलते आणि जे पाहण्यास शेजारीपाजारी जमतात, त्यास आपण ब्रह्मकमळ म्हणतो. परंतु ते निवडुंगाच्या कुळातील असून मूळचे मेक्सिको व मध्य अमेरिकेकडील आहे. हिमालयातील खरे ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातील आहे, आणि ते पुण्याच्या किंवा नागपूरच्या उन्हात जगणारही नाही. आपण घरचेच झाड अवश्य विकावे, त्यास ब्रह्मकमळही म्हणावे, परंतु शेजारी ‘एपिफायलम ऑक्सिपेटॅलम’ हे शास्त्रीय नाव लिहावे आणि हे हिमालयातील फूल नव्हे असे स्पष्ट सांगावे. त्याने विक्री घटत नाही. उलट हा विक्रेता जाणकार आहे अशी गिऱ्हाइकाची खात्री पटते.

ज्यांना खरे बोलण्याची सवय नाही त्यांचे नमुने आपण रोज पाहतो. निळ्याजर्द गुलाबाचे बी म्हणून पाकिटे विकली जातात. गुलाबात निळा रंग निर्माण करणारे द्रव्यच स्वभावतः नसते. २००९ मध्ये जपानमध्ये जनुकीय तंत्राने तयार केलेला जो ‘निळा’ गुलाब बाजारात आला, तोदेखील जांभळट रंगाचा होता. तेव्हा शंभर रुपयांच्या पाकिटात निळा गुलाब कोठून येणार? अशा बाजारात जो मनुष्य साधे आणि खरे सांगेल, त्याच्याकडे लोक वळतील यात मला तिळमात्र शंका नाही.

छायाचित्र घ्यावयाचे ते सकाळच्या सौम्य उजेडात, आणि शेजारी मोजपट्टी ठेवून. उंची किती, कुंडी किती इंची, रोप किती महिन्यांचे, ऊन किती हवे, पाणी किती हवे, हे लिहावे. मोठ्या फुललेल्या झाडाचे छायाचित्र दाखवावयाचे असेल तर ‘हे मातृझाड आहे, आपणांस मिळणारे रोप पुढील छायाचित्राप्रमाणे असेल’ असे खाली लिहावे. अडेनियम, कण्हेर, डिफेनबॅकिया यांसारख्या झाडांचा चीक किंवा पान पोटात गेल्यास अपायकारक असते. ज्या घरात रांगते मूल किंवा पाळीव जनावर आहे त्यांस ही सूचना मिळालीच पाहिजे.

आता पाठवणीविषयी. लेक सासरी पाठविताना जशी तयारी करावी तशीच ही आहे. सावलीत लाडावलेले रोप एकदम खोक्यात घातले तर ते कोमेजते. पाठवणीपूर्वी दोन आठवडे त्याचे पाणी हळूहळू कमी करावे आणि त्यास मोकळ्या हवेची सवय लावावी. जाड पानांच्या वनस्पतींची माती काढून मुळे चार-पाच दिवस सावलीत सुकवावीत. ओली मुळे खोक्यात कुजतात. पानांच्या रोपांचा मुळांभोवतीचा गोळा ओलसर कोकोपीटमध्ये गुंडाळून त्यावर प्लास्टिक घट्ट बांधावे, परंतु पाने मात्र सैल कागदात ठेवावीत. खोक्यात रोप हलता कामा नये; रद्दी कागदांनी रिकाम्या जागा भराव्यात आणि हवेसाठी भोके पाडावीत. खोके सोमवारी किंवा मंगळवारी टपालात द्यावे, म्हणजे रविवारी ते एखाद्या गोदामात अडकून पडणार नाही. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भाकडे मऊ पानांचे रोप पाठवूच नये. गिऱ्हाइकाने आग्रह केला तरी ‘पाऊस पडल्यावर पाठवितो’ असे सांगावे. जो विक्रेता योग्य वेळी नाही म्हणू शकतो, त्याच्यावर लोकांचा विश्वास बसतो.

रोपाबरोबर रोग पाठविणे हे तर पाप होय. पिठ्या ढेकूण, मावा, खवले कीड हे प्राणी पानामागे आणि बेचक्यांत दडून बसतात. बाहेरून आणलेले कोणतेही नवे झाड दोन-तीन आठवडे इतरांपासून दूर ठेवावे, आणि पाठवणीपूर्वी प्रत्येक पान उलटून पाहावे. आपल्या एका दुर्लक्षाने दुसऱ्याची वर्षानुवर्षे जोपासलेली बाग संकटात येऊ शकते.

आता हिशेबाकडे वळू, कारण आपल्याकडील घरगुती धंदे बहुधा हिशेबाविना बुडतात. केवळ उदाहरणादाखल काही आकडे घेतो. प्रत्येकाने ते आपापल्या ठिकाणी बदलून पाहावेत. समजा, आपण १०० कलमे लावली. पिशवी, माती, कोकोपीट, खत मिळून कलमामागे १० रुपये, म्हणजे १००० रुपये खर्च झाला. शंभरांतून ७० जगली आणि विकण्याजोगी ६० निघाली. सर्व कामास ३० तास लागले. तासाचे ८० रुपये धरले तर २४०० रुपये झाले. साठ खोक्यांना प्रत्येकी ३० रुपये, म्हणजे १८०० रुपये. पाठविलेल्या साठांतील ५ वाटेत दगावतील असे धरू; म्हणजे पंचावन्न गिऱ्हाइकांची मागणी घ्यावी आणि पाच रोपे बदली म्हणून राखून ठेवावीत. त्या पाच बदली रोपांचे टपाल प्रत्येकी ६० रुपयांप्रमाणे ३०० रुपये आपल्या खिशातून जाईल. एकूण खर्च ५५०० रुपये, आणि पैसे देणारी गिऱ्हाइके ५५. म्हणजे आपल्याला प्रत्येक रोप १०० रुपयांस पडले. पहिल्या दिवशी मात्र ते १० रुपयांचे वाटत होते!

या हिशेबातून दोन बोध घ्यावयाचे. पहिला असा की, कोपऱ्यावरच्या रोपवाटिकेत जे ५० रुपयांना मिळते ते आपण विकावयाचे नाही. जे तेथे मिळत नाही, किंवा खऱ्या नावाने मिळत नाही, तेच आपले क्षेत्र. एका खोक्यात तीन-चार रोपे एकत्र पाठविली तर खोक्याचा व टपालाचा भारही विभागला जातो. दुसरा बोध अधिक महत्त्वाचा आहे. वरील हिशेबातील २४०० रुपये ही मजुरी आहे, आणि ती आपल्या घरात बहुधा कोणी तरी स्त्री मिळवीत असते. तिची मेहनत फुकट धरून ‘धंदा फायद्यात आहे’ असे म्हणणे म्हणजे स्वतःचीच फसवणूक करणे होय. माझी अशी आग्रहाची विनंती आहे की, रोपे ज्या भगिनीच्या हातांनी वाढली, पैसे तिच्याच नावाच्या बँक खात्यात जमा व्हावेत. ज्या घराण्यातील सावित्रीबाईंनी स्त्रियांना अक्षर दिले, त्या सावित्रीबाईंचा वारसा सांगणाऱ्यांनी एवढे तरी करावयास हवे.

पैसे घेण्याची सोय २०१६ पासून यूपीआयमुळे फार सुलभ झाली आहे. परंतु वडील स्त्रियांनी एक गोष्ट मनात पक्की धरावी. आपल्याला पैसे येणार असतील तर पिन कधीही द्यावा लागत नाही. पिन पैसे देण्यासाठी असतो. ‘तुमचे पैसे पाठवितो, पिन टाका’ असे जो म्हणेल तो गिऱ्हाईक नसून लबाड आहे असे खुशाल समजावे.

कायद्याची थोडी माहिती हवी. आंबा, चिकू, डाळिंब अशा फळझाडांची कलमे विकावयाची झाल्यास १९६९ चा महाराष्ट्र फळरोपवाटिकांचा कायदा लागू होतो आणि परवाना घ्यावा लागतो. म्हणून नवोदिताने फुलझाडे व शोभेच्या झाडांपासून प्रारंभ करावा. जिवंत रोपांवर वस्तू व सेवा कर नाही, परंतु सर्वच कुंड्या करमुक्त नाहीत. दोन्ही विकणाऱ्याने जाणत्याचा सल्ला घ्यावा. परदेशातील रोप किंवा बी मागविण्यास २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाप्रमाणे परवानगी लागते. तेव्हा परदेशी गेलेल्या भाच्याने हौसेने पाठविलेली पाकिटे हा काही निरुपद्रवी प्रकार नव्हे. तसेच आपल्याला परदेशी रोप पाठवावयाचे असल्यास वनस्पती-आरोग्याचा दाखला आवश्यक ठरतो.

आणि जंगलास हात लावू नये. पश्चिम घाटाला २०१२ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, आणि त्यात कासच्या पठाराचाही समावेश आहे. तेथील आमरी आणि कंदीलपुष्पे पाहून लोकांच्या तोंडाला पाणी सुटते. परंतु ही कंदीलपुष्पे उचलून कुंडीत लावली तर बहुधा मरतात, आणि डोंगरावरून तर ती कायमचीच जातात. कित्येक वनस्पतींना वन्यजीव संरक्षण कायद्याचेही कवच आहे. ज्या ज्ञातीने लावण्याचे काम केले तिने उपटण्याचे काम करू नये, एवढेच मी म्हणेन.

आता एका शंकेचे समाधान केले पाहिजे, कारण ती येथे बसलेल्या अनेकांच्या मनात असणार. आपल्याकडे रोप देण्याची गोष्ट आहे, विकण्याची नव्हे. तुळशीचे रोप मागितले आणि कोणी दिले नाही, असे आपल्या आळीत कधी घडले नाही. मनी प्लांट तर चोरून आणला तरच फळतो, असा समज आहे! मग ज्या वस्तूची देवघेव प्रेमाने होते तिचे पैसे कसे घ्यावयाचे? शंका हृदयातून आलेली आहे, म्हणून तिचा मान राखून उत्तर देतो. शेजाऱ्याला आपण फांदी देतो. तो ती लावतो, जगवितो किंवा मारतो. दूरच्या गिऱ्हाइकाला आपण फांदी देत नाही. आपण त्यास चार महिन्यांची राखण देतो, खरे नाव देतो, सुरक्षित पाठवण देतो आणि रोप मेले तर दुसरे देण्याचे वचन देतो. पैसे या सर्वांचे आहेत. तेव्हा शेजाऱ्याला देणे बंद करू नये. ते बंद पडले तर आपल्या अंगणाची शोभा गेली. परंतु ज्ञातिबांधवांसही माझे एक सांगणे आहे. आपल्यातील एखादी भगिनी हा व्यवसाय करू लागली, तर ‘आपलीच तर आहे’ म्हणून तिच्याकडून दहा रोपे फुकट नेऊ नयेत. आपल्या माणसाचा धंदा परक्याने बुडविण्यापूर्वी आपणच प्रेमाने बुडवितो, असे पुष्कळदा घडते. आपुलकी दाखवावयाची असेल तर पहिले रोप पूर्ण किमतीस घ्यावे.

वचनाविषयी बोललो, तर ते कसे पाळावे तेही सांगतो. खोके पोहोचताच चोवीस तासांत छायाचित्र पाठवावे, रोप मेलेले असल्यास दुसरे पाठवू, हा नियम आधीच लिहून ठेवावा. नियमाप्रमाणे तक्रार आली की वाद घालू नये. क्वचित एखादे गिऱ्हाईक खोटे बोलेलही. त्याचे नुकसान वर्षाच्या हिशेबात पाच-दहा रोपांपलीकडे जात नाही. प्रामाणिक गिऱ्हाइकावर संशय घेतल्याने होणारे नुकसान मात्र मोजता येत नाही.

शेवटी संस्थेस काही नम्र सूचना करतो. या व्यवसायास आजीचा हात आणि नातवाचा फोन अशी दोघांची भागी लागते. आजीला छायाचित्र टाकता येत नाही आणि नातवाला डोळा भरता येत नाही. दोघांनी एका बाकावर बसून परस्परांचे गुरू व्हावे, अशी सोय संस्थेने वर्षातून काही रविवारी करावी. दुसरे असे की, खात्रीच्या जातींची मातृझाडे एकट्याने जमविणे खर्चाचे असते. संस्थेच्या आवारात किंवा एखाद्या सभासदाच्या शेतावर त्यांचा एक सामाईक संग्रह असावा, आणि प्रत्येक झाडावर त्याचे मराठी व शास्त्रीय नाव लिहिलेले असावे. तिसरे, दापोलीच्या, राहुरीच्या कृषी विद्यापीठांतून या विषयाचे जाणकार आहेत. त्यांना आपण आमंत्रण द्यावे.

तरुणांस एवढेच सांगतो की, या धंद्यात कोणी एका वर्षात श्रीमंत होत नाही. नोकरी असेल तर ती सोडू नका. पहिल्या वर्षी वीस रोपे ओळखीच्या लोकांना पाठवा आणि किती जिवंत पोहोचली ते वहीत लिहा. दुसऱ्या वर्षी चूक कोठे होते ते कळेल. तिसऱ्या वर्षी गिऱ्हाईक आपले नाव घेऊन मागणी करू लागेल. कलमाला मुळे फुटली की नाहीत हे पाहण्यासाठी जो ते रोज उपटून पाहतो, त्याचे कलम जगत नाही, हे आपणांस घरीच शिकविलेले आहे. धंद्यासही तोच नियम लागू आहे.

जमीन ज्यांच्या हातून गेली त्यांस ती परत मिळवून देण्याचे सामर्थ्य या व्यवसायात नाही, आणि तसा दावा मी करणार नाही. परंतु दहा कुंड्यांच्या गच्चीवरून निघालेले एखादे रोप दूरच्या अनोळखी घरी जगले, आणि ते खऱ्या नावाने, खऱ्या किमतीत व निरोगी पोहोचले, तर माळ्याच्या विद्येची पत तेथवर पोहोचली असे होईल. ही पत पुढच्या पिढीच्या हाती सोपविणे आपणां सर्वांच्या हाती आहे.